धुऱ्यावरचा मोह वाचवायचा तर आधी कोणाशी बोलायचं

मी मोटारपंप दुरुस्त करतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाचं पाणी पोचतं त्या गावांत आणि न पोचणाऱ्या बोअरवेलवाल्या गावांतही माझी फिरती असते. उन्हाळी धानाला पाणी हवं असतं तेव्हाच मोटार जळते, आणि मोहाची फुलं पडतात तीही त्याच दिवसांत. त्यामुळे दुसऱ्याच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून मोहाचं बोलणं काढायची संधी मला आयती मिळत गेली. दहा वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते लिहितो.

आमच्या भागात मोहाची झाडं पुष्कळ दिसतात. पण एकदा वय बघत चाला. सगळी म्हातारी. आज्याच्या काळातली. मनगटाएवढ्या बुंध्याचा मोह शोधायला अर्धा दिवस जातो. कारण साधं आहे: फुलं वेचली जातात, मग टोळ, म्हणजे मोहाची फळं (आमच्या बोलीत टोर), वेचले जातात, चुकून उरलेलं बी पावसात रुजलं तर ते तणनाशकात मरतं, त्यातूनही वाचलं तर पुढच्या मार्चमध्ये झाडाखाली लावलेल्या विस्तवात जळतं. झाड कोणी मारत नाही. त्याची पोरं मात्र दरसाल मरतात.

पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. नर्सरीतून साठ रोपं आणली, ओळखीच्या सात जणांना वाटली, फोटो काढले. पुढच्या उन्हाळ्यात चार उरली होती. मोहाचं सोटमूळ लवकर खोल जातं. छोट्या पिशवीत ते तळाला गोल फिरून बसलं होतं आणि जमिनीत लावल्यावरही तसंच राहिलं. तेव्हापासून रोपं वाटणं बंद केलं. आधी शेतकऱ्याकडे जातो, मग त्याच्या धुऱ्याकडे बघतो.

कधी जायचं? रोवणीत (धानाच्या लावणीत) जाऊ नका, कापणी-बांधणीत जाऊ नका. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, पहाटे पाच-साडेपाचला जा. फुलं तेव्हाच पडत असतात. जाऊन भाषण करू नका. टोपली मागा आणि वेचायला बसा. अर्धा तास वाकून वेचल्याशिवाय या झाडाबद्दल बोलायचा हक्क मिळत नाही, असं माझं मत आहे.

वेचताना तुम्हाला दिसेल की तिथे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस बहुतेक नसतोच. असते त्याची बायको, आई, नाहीतर शेजारची एखादी बाई, जिला ते झाड अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दिलेलं आहे. माझी पहिली दोन-तीन वर्षं इथेच वाया गेली. मी गडीमाणसांशीच बोलत राहिलो. धानाचे पैसे सोसायटीच्या कर्जात जातात. मोहाचे पैसे बाईच्या हातात राहतात. त्यामुळे झाड ठेवायचं की पाडायचं या बोलण्यात ती बसलेली हवी. तिला मुद्दाम बोलवा, चहा ठेवायला आत जाऊ देऊ नका.

एका काकांचं उदाहरण सांगतो. जेसीबीवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं की धुरा सरळ करताना मोह काढून टाक. म्हणणं एकच: "साऊली पडते, धान होत नाही." मी टेप घेतला. बुंध्यापासून फांद्यांचा पसारा सात मीटर भरला. झाड धुऱ्यावर, म्हणजे अर्धी सावली त्यांच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात): साधारण ७७ चौरस मीटर. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. एकरी सोळा क्विंटल धरले तर तेवढ्या जागेत तीस-एकतीस किलो धान. सावलीत एक दाणाही झाला नाही असं समजू (होतो, निम्मा तरी होतो). २०२४-२५ चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये. म्हणजे सातशेच्या आसपास नुकसान. मग काकूंना विचारलं, वाळवलेली फुलं किती भरली? ३८ किलो. २०२० मध्ये केंद्रानं वाळलेल्या मोहफुलाचा आधारभूत भाव किलोला १७ वरून ३० रुपये केला. तोच धरला तरी ११४० रुपये, टोळाचं तेल वेगळं. हे सगळं माझ्या बिलबुकाच्या पाठीमागे लिहिलं.

काका म्हणाले, "अन् येचाले कोन जाईन जी?"

काकू म्हणाल्या, "मीच येचतो ना दरसाली. तुमी कदी उठले?"

जेसीबी आला, पण मोह राहिला. वेचण्याची मजुरी लावली तर हा हिशेब उलटा पडतो, आणि एखाद्या साली फूल कमीच येतं. दोन्ही गोष्टी मी आधीच सांगून टाकतो. न सांगता मांडलेला हिशेब पुढच्या वर्षी आपल्याच अंगावर येतो. कुठे कुठे काकू नसते, पोरं पुण्याला असतात, वेचणारं कोणी नसतं. तिथे हा हिशेब मांडू नका. गावातल्या कोणाला तरी अर्धेलीनं झाड द्यायला सुचवा.

काही घरांत अजून भीती आहे की फुलं घरात साठवली तर पकडतील. राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठवले, हे अशा घरी सांगावं लागतं. दारूचा कायदा वेगळा, तेही सांगावं लागतं.

कायद्याचा विषय निघाला म्हणून. झाडं तोडण्यावर नियमन आणणाऱ्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, हिरडा यांच्यासोबत मोहही आहे. स्वतःच्या वावरातला मोह तोडायलाही परवानगी लागते. मी हे एकदा जरा आवाज चढवून सांगितलं. त्या भाऊंनी दोन वर्षं मोटार दुसरीकडे नेली, आणि धुऱ्यावर दोन हात उंच झालेली रोपं उपटून टाकली. त्यांचा विचार सरळ होता: मोठं झालं की तोडता येणार नाही, मग लहान असतानाच काढलेलं बरं. कायद्याचा धाक दाखवला की म्हातारी झाडं उभी राहतात आणि रोपं जातात. आता कोणी विचारलं तरच सांगतो, आणि पूर्ण सांगतो: परवानगी लागते, अर्ज करावा लागतो, मोठी फांदी उतरवायची असली तरी वनविभागात आधी विचारून घ्या. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यासाठी मोबाईलवरून पिकं नोंदवतात त्यात, बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. नोंद करा म्हणतो, मागे लागत नाही.

आता मागायचं काय? थोडं मागा. "तुमच्या धुऱ्यावर झाडं लावू" म्हटलं की माणूस मागे सरकतो. "धुऱ्यावर आधीच उगवलेली तीन रोपं आहेत, त्यांच्याभोवती हातभर जागा सोडा" म्हटलं की तो बघायला येतो. तीनच. पाच म्हटलं की घासाघीस सुरू होते.

ती रोपं शोधायची जुलै-ऑगस्टमध्ये. फांदीच्या टोकाशी पानांचा झुबका असतो, पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. जमिनीवर वीतभर दिसणारं, खालून दोन-तीन फुटवे आलेलं रोप मिळालं तर ते सोन्यासारखं समजा. दरवर्षी चरलं-जळलं जाऊन ते पुन्हा फुटत असतं, मूळ आत जाड झालेलं असतं. त्यातला सरळ, जोमदार फुटवा ठेवा, बाकीचे ऑगस्टमध्ये धारदार कोयत्यानं काढा. एवढ्यावरच ते दोन पावसाळ्यांत कमरेला येतं. नवीन लावलेलं रोप याची बरोबरी करत नाही.

खूण कशाची करावी यावर माझे बरेच प्रयोग झाले. लाल फडकं बांधलं, तर तिसऱ्या दिवशी कोणी तरी शेंदूर लावलेला दगड आणून ठेवला. रोप वाचलं, पण मालक वैतागला, कारण बाया वावरातून वाट पाडायला लागल्या. आता बांबूची चार फुटी काठी रोवतो आणि तिच्या टोकाला चुना लावतो. आणि एक विसरू नका: रोप मालक मारत नाही. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मारतो, नाहीतर पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारणारा पोरगा मारतो. मालकानं हो म्हटलं तरी या दोघांना जागेवर नेऊन काठी दाखवा. त्या पोराला मी एक डालडाचा डबा दिला, दोन्ही बाजूंनी कापलेला. फवारताना रोपावर घालायचा आणि पुढे जायचं.

धुऱ्यावर काहीच उगवलेलं नसेल तर बी लावा. टोळ जून-जुलैत पिकून पडतात. भरपूर फुलणारं झाड कोणतं, हे वेचणाऱ्या बाईला विचारा. तिला नेमकं माहीत असतं. त्याच झाडाखालचे टोळ घ्या, गर काढा आणि त्याच आठवड्यात लावा. मोहाचं बी साठवून राहत नाही. वाळलं की मेलं. बाजारातली टोळी, म्हणजे वाळलेलं बी, तेलाला ठीक, लावायला कामाची नाही. एका जागी दोन-तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. जागा धुऱ्याच्या खांद्यावर निवडा. बांधीच्या कडेला पाणी साचतं आणि तिथे मुळं कुजतात. दोन जागांत दहा मीटर तरी अंतर ठेवा.

धुरा कोणता, हाही प्रश्न आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे सावली उत्तरेला पडते. तुम्ही उत्तरेच्या धुऱ्यावर झाड लावलं की तुमचं वावर मोकळं आणि शेजाऱ्याचा हरभरा सावलीत. मालकाला ही कल्पना फार आवडते. शेजाऱ्याला दहा वर्षांनी कळतं. म्हणून सामाईक धुऱ्यावर लावायचं असेल तर दोघांना एकत्र बसवा: फुलं कोण वेचणार, टोळ कोणाचे, फांदी कोण उतरवणार. साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर बोडीची (लहान तळ्याची) पाळ, खळ्याची कड, पांदणीची बाजू अशा जागा शोधा. तिथे भांडण कमी. फूल यायला आठ-दहा वर्षं लागतात, हे कागदावरच लिहा.

विस्तवाचं काम अवघड आहे. पानं गळतात, फुलं वेचायला जमीन साफ हवी, म्हणून लोक झाडाखाली पेटवतात. वाऱ्यानं तीच आग धुऱ्यानं पुढे जाते, आणि म्हाताऱ्या झाडाचा बुंधा खालून पोकळ व्हायला लागतो. "पेटवू नका" म्हणून उपयोग नाही. झाडायला दोन तास जातात, काडी ओढायला एक सेकंद. मी भाजीवाल्यांकडून फाटलेली हिरवी शेडनेट स्वस्तात घेतो, दोन तुकडे शिवून झाडाखाली अंथरायला देतो. फुलं मातीला लागत नाहीत, वाकणं कमी होतं, माल स्वच्छ निघतो. ज्या काकूंना जाळी पसंत पडली त्यांनी पेटवणं स्वतःच सोडलं. जिथे जाळी नको म्हणतात, तिथे निदान रोपांभोवतीची पानं आधी खराट्यानं ओढून घ्या, मग पेटवू द्या. यात मी हरलोय, पण रोप वाचतं.

जुन्या झाडावर बांडगूळ बसलेलं असेल तर त्याला फळ धरण्याआधी, ते बसलंय तिथून बरंच खाली, फांदीसकट उतरवावं लागतं. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं.

शेवटची फेरी दिवाळीनंतरची, धान निघाल्यावरची. पीक उभं असताना बांधीत कोणी गुरं घालत नाही, म्हणून चार महिने रोप सुखात असतं. कापणी झाली की सगळं शिवार मोकळं, आणि त्यात हिरवं उरतं ते नेमकं आपलं रोप. गुराख्याला आधी भेटा, चहा पाजा, काठ्या दाखवा. त्यालाही शेळ्या चारायच्या आहेत, त्याच्याशी भांडून काही होत नाही. मग बोराटीच्या ताज्या फांद्या रोपाभोवती रोवा, म्हणजे आकडे अडकतात. मागच्या वर्षीची बोराटी तशीच ठेवू नका. काटे वाळून ठिसूळ झाले की शेळी पायानं बाजूला सारते आणि शेंडा खाऊन जाते.