डिजिटल मिक्सरवर पहिल्यांदा बसताय? आधी सिलेक्ट बघा, मग हात लावा

कोल्हापुरात गणपती म्हणा, नवरात्र म्हणा, शाहिरी नाहीतर ऑर्केस्ट्रा म्हणा, भाड्यानं साऊंड सांगितला की हल्ली टेम्पोतनं बऱ्याचदा डिजिटल मिक्सरच उतरतो. अ‍ॅनालॉगवर हात बसलेली पोरं मग त्याच्यासमोर गप्प उभी राहतात, कारण रोजचे नॉब कुठं दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणाला २०१२ मध्ये आलेला बेहरिंगरचा एक्स ३२ घेतो, दुसऱ्या कंपनीचा असला तरी डोकं साधारण तेच, बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या.

पहिली गोष्ट, अ‍ॅनालॉगवर प्रत्येक चॅनेलला (एकेका माईकच्या किंवा वाद्याच्या लाईनीला) स्वतःचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवून आत घ्यायचा ते, स्वतःचा इक्यू, म्हणजे बेस-ट्रेबल कमी-जास्त करणारा, वरून खाली सरळ पट्टी. इथं सगळ्या चॅनेलना मिळून नॉबांचा एकच संच आहे आणि तो आत्ता कुणाचा हे सिलेक्ट बटण ठरवतं. शाहिराच्या आवाजातला बेस कमी करायला गेला आणि सिलेक्ट ढोलकीवरच राहिलं असलं तर ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागते, शाहीर आहे तसाच, आणि आपण नॉब अजून पिळतोय. म्हणून नॉबला हात लावायच्या आधी स्क्रीनवर चॅनेलचं नाव वाचायचं. दरवेळी. आणि नाव वाचायला आधी ते टाकलेलं पाहिजे, प्रत्येक फेडरवर (आवाज वर-खाली करायची सरकती दांडी) छोटा डिस्प्ले आहे त्यात नाव आणि रंग टाका, 'चॅनेल ७' बघून कार्यक्रमाच्या गडबडीत काही आठवत नसतं.

फेडर एकूण २५, डावीकडं १६, उजवीकडं ८ आणि एक मेन. चॅनेल त्याहून जास्त, म्हणून लेयर, म्हणजे त्याच फेडरांची वेगवेगळी पानं. १७ ते ३२ चं बटण दाबलं की तेच १६ फेडर पुढच्या चॅनेलचे होतात आणि मोटरवर आपोआप आपापल्या जागी जातात. हलताना धरून ठेवू नका.

डेस्क, म्हणजे मिक्सर, भाड्याचा असेल तर आदल्या कार्यक्रमाची सेटिंग त्यात तशीच पडलेली असते, कुठं गेट (हळू आवाज आला की चॅनेल बंद करणारा) चालू, कुठं राउटिंग (कुठला आवाज कुठं जायचा ते) भलतीकडं. मालकाला विचारून ती पेनड्राइव्हवर सेव्ह करा आणि सेटअपमधून इनिशियलाइझ मारून कोऱ्या पाटीवर सुरुवात करा. कुणीतरी केलेलं दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

स्टेजवर स्टेजबॉक्स (माईकच्या केबली लावायचा डिजिटल डबा) असेल तर जाड स्नेक, म्हणजे सगळ्या माईकच्या तारांची एकत्र मोठी केबल, ओढायची गरज नाही, एईएस ५० ची (मिक्सर आणि स्टेजबॉक्समधली डिजिटल जोडणी) एक कॅट ५ ई केबल बास, पण शिल्डेड पाहिजे आणि १०० मीटरच्या आत. दिसायला इंटरनेटची केबल असली तरी मधे राउटर, स्विच काही लावायचं नाही. केबल जोडली म्हणजे आवाज आला असं पण नाही, राउटिंगच्या पानावर इनपुट आठ-आठच्या गटानं येतात, तिथं लोकल (मिक्सरच्या मागची सॉकेट) काढून एईएस ५० ए निवडायला लागतं. माईक चालू, केबल चांगली, तरी मीटर हलत नाही, तर दहातल्या आठ वेळा गडबड इथंच असते.

आता गेन. यावर घाई करू नका. अ‍ॅनालॉगवर लाल दिवा लागला तरी थोडं खपून जायचं, इथं शून्याच्या वर जागाच नाही, तिथं गेलं की आवाज फाटला. गायकाला 'हॅलो चेक' म्हणायला लावून गेन सेट करू नका, हॅलो म्हणताना कुणी जोर लावत नाही. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ म्हणायला सांगा, शाहीर असेल तर एक जोरदार 'जी जी रं जी' घेऊ दे, आणि मीटर साधारण उणे १८ डीबीच्या आसपास खेळत जोरात उणे १० डीबीपर्यंत जाईल असं ठेवा. कंडेन्सर माईक (वीज लागणारा नाजूक माईक) किंवा डीआय बॉक्सला (कीबोर्ड-गिटार मिक्सरला जोडायचा डबा) ४८ व्होल्ट लागत असेल तर ते चॅनेल म्यूट करूनच द्या, नाहीतर सबमधनं (बेसच्या मोठ्या स्पीकरमधनं) असा धाडकन आवाज येतो की पहिल्या रांगेतले आजोबा उठून बसतात.

एकदा कार्यक्रम सुरू झाला की गेनला शक्यतो हात नाही. कारण गेन वाढवला की हॉलमधलाच नाही तर सगळ्या मॉनिटरमधला (कलाकारांना स्वतःचं ऐकायला स्टेजवर ठेवलेले स्पीकर) आवाज पण वाढतो, कॉम्प्रेसर (फार जोरातला आवाज दाबणारा) आणि गेटचं गणित पण बदलतं. पब्लिकसाठी कमी-जास्त करायला फेडर आहे.

लो कट, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण, बोलणाऱ्या-गाणाऱ्या माईकला १०० हर्ट्झच्या आसपास मारा, स्टेजवरची धडधड आणि वाऱ्याचा भुर्र आवाज निम्मा तिथंच जातो. तबल्याच्या डग्ग्याला मात्र नको, घुमारा गेला तर तबला कशाला लावला? गेट ढोलकी-ड्रमला ठीक, निवेदकाच्या माईकला नको, पहिलं अक्षर खातो. कॉम्प्रेसर थोडाच, ३:१ च्या आसपास. इक्यूला चॅनेलमागं चार बँड आहेत, आधी कमी करून बघा, वाढवायचं नंतर.

मॉनिटर हा खरा भांडणाचा विषय. त्याची युक्ती म्हणजे सेंड्स ऑन फेडर. उजवीकडं गायकाच्या मॉनिटरची बस (त्या मॉनिटरकडं आवाज नेणारी वेगळी वाट) सिलेक्ट करा, सेंड्स ऑन फेडर दाबा, डावीकडचे फेडर आता फक्त त्या मॉनिटरमध्ये कोण किती जातं ते दाखवतात. हार्मोनियम वाढव म्हणाला, हार्मोनियमचा फेडर वर, झालं. पण काम झालं की बटण बंद करायचं म्हणजे करायचंच. चालू राहिलं तर हॉलमध्ये आवाज कमी वाटतो म्हणून आपण फेडर वर ढकलतो आणि तो मॉनिटरमध्ये वाढत जाऊन शिट्टी मारतो. मॉनिटरच्या बस प्री फेडर (फेडरच्या आधी आवाज घेणाऱ्या) ठेवा म्हणजे हॉलचा फेडर हलवल्यावर गायकाचं बिघडत नाही, एकोच्या बस पोस्ट फेडर (फेडरच्या नंतर घेणाऱ्या), म्हणजे आवाज बंद केला की एको पण जातो. हे उलटं झालं की निवेदकाचा फेडर खाली घेतला तरी त्याचा एको मंडपात फिरत राहतो.

फीडबॅक, म्हणजे हीच शिट्टी, काढायला कार्यक्रमाच्या आधी मॉनिटर हळूहळू वाढवा, शिट्टी सुरू व्हायला लागली की आरटीएवर (कुठल्या सुराचा किती जोर ते पट्ट्यांनी दाखवणारा आलेख) कुठली पट्टी उंच जाते ते बघा आणि ग्राफिक इक्यूत तेवढीच ३-४ डीबी खाली घ्या. दोन-तीन जागा बास. दहा पट्ट्या खाली ओढल्या तर शिट्टी जाईल आणि गायक पण जाईल.

डीसीए म्हणजे रिमोट समजा, त्यातनं आवाज जात नाही, पण कोरसचे सहा माईक एका फेडरवर येतात. हे पहिल्या दिवसापासून वापरा.

शाहू स्मारकसारख्या हॉलमध्ये आधी भजन, मग लावणी, मग सत्कार असा कार्यक्रम असेल तर प्रत्येकाचा सीन, म्हणजे सगळ्या मिक्सरची त्या वेळची सेटिंग, सेव्ह करा. फक्त निवेदकाचा माईक सेफमध्ये (सीन बदलला तरी न हलणाऱ्या यादीत) टाका, नाहीतर सीन बदलला की बोलता बोलता त्याचा आवाज जुन्या जागी जाऊन बसतो आणि स्टेजवरनं सगळे आपल्याकडं बघायला लागतात.

मंडप लांब असेल तर मागच्या स्पीकरला डिले द्या, म्हणजे त्याचा आवाज थोडा उशिरा सोडा. आवाज १० मीटरला साधारण २९ मिलिसेकंद घेतो, २० मीटरवर स्पीकर असेल तर ५८ टाका आणि मग कानानं जुळवा. हे टॅबवरनं मागं उभं राहून केलेलं बरं, त्यासाठी वेगळा वायफाय राउटर लागतो, आणि त्याला पासवर्ड टाका, मंडळाची पोरं काय कमी नाहीत.

जनरेटरवर चालणार असेल तर डेस्कला यूपीएस पाहिजेच, लाईट गेली तर तो परत सुरू व्हायला वेळ घेतो आणि तोवर सगळं शांत. रात्री दहाला आवाज बंद करताना आधी अ‍ॅम्प बंद, मग सीन पेनड्राइव्हवर घ्या, मग सेटअपमधून शटडाऊन, आणि शेवटी मागचं स्विच.