नागपूरच्या बागेत हलता डायनासोर बसवताना

कॅटलॉगमधून टी-रेक्स पसंत करायचा आणि मग तो बागेत कुठे मावतो ते बघायचं, हा क्रम उलटा आहे. आधी झाडं बघा. सायकस, अरोकेरिया, नेचे एकत्र असतील तिथे 15 कोटी वर्षांपूर्वीचा स्टेगोसॉरस शोभतो. त्याच्या पायाशी मात्र लॉन आणि बोगनवेल नको, त्याच्या काळात गवत नव्हतंच. लॉनवरच उभा करायचा असेल तर आयसिसॉरस हा लांब मानेचा डायनासोर घ्या. त्याची हाडं चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडली. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्याच काळातलं डायनासोरचं दगड झालेलं शेण मिळतं, आणि त्यात गवताचे सिलिकाकण सापडल्याचं 2005 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे लॉन इथे चूक नाही, उलट तीच पाटीवर लिहायची गोष्ट. तयार आयसिसॉरस बहुधा मिळत नाही. लांब मानेचा प्राणी बनवून घेताना पुढचे पाय उंच ठेवायला सांगा.

पायाचं काम पावसाळ्याआधी उरका. नागपूरची काळी माती पावसात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर सरळ स्लॅब टाकला की एक पाय खचतो, आतला लोखंडी सांगाडा पिळला जातो आणि मानेचा सांधा कुरकुरायला लागतो. लोक मग मोटर बदलत बसतात. पाच-सहा मीटरच्या प्राण्यासाठी निदान अडीच फूट माती काढा, 6-6 इंचांच्या थरांनी मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा, वर उताराचा स्लॅब घाला आणि चारही पाय अँकर बोल्टने आवळा. एप्रिल-मेच्या अवकाळी वादळात लांब शेपटी शिडासारखी वारा धरते, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबू नका.

खोदकाम झाडाच्या पसाऱ्याबाहेरच. केबल आतून न्यावीच लागली तर जेसीबी नको, सब्बल-फावड्याने हळू खणा आणि अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडू नका, केबल त्याच्याखालून सरकवा. 230 व्होल्टची लाईन आर्मर्ड केबलने अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटा. अंगातल्या मोटरी साधारणपणे 24 व्होल्ट डीसीच्या असतात, म्हणून कंट्रोल बॉक्स प्राण्यापासून दहा मीटरच्या आत ठेवा. लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मान अर्ध्यावर अडकते. बॉक्सच्या लाईनला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग हवंच. पहिल्याच पावसात ती ट्रिप झाली तर आधी उघड्यावरचा जोड आणि केबल बॉक्समध्ये शिरते तिथली ग्लँड तपासा. मोटर बहुतेक वेळा निर्दोष असते. आरसीसीबी काढून थेट जोडणाऱ्या वायरमनला बागेत पुन्हा घेऊ नका.

आता ऊन. बॉक्स पत्र्याचा, उन्हात, चहूबाजूंनी बंद असेल तर दुपारी आतला पॉवर सप्लाय स्वतःच बंद पडतो. उत्तरेकडच्या भिंतीला, छपराखाली, जमिनीपासून दोन फूट वर आणि खाली-वर जाळीचे झरोके ठेवून लावा. दुसरा घोळ सेन्सरचा. माणूस आला की डरकाळी फोडणारे स्वस्त सेन्सर अंगाची आणि मागच्या भिंतीची उष्णता वेगळी दिसली तरच चालतात. मेच्या दुपारी त्वचा आणि भिंत जवळपास सारखीच तापते, त्यामुळे समोर शाळेची अख्खी सहल उभी असली तरी डायनासोर ढिम्म. आणि तापलेली फांदी हलली की रिकाम्या बागेत गुरगुरतो. पर्याय दोन: वाटेच्या दोन्ही बाजूंना, मधला किरण अडला की चालणारे बीम सेन्सर, नाहीतर साधा टायमर. अर्धा मिनिट हालचाल, तीन मिनिटं विश्रांती. शेजारच्या दोन प्राण्यांची सुरुवात काही सेकंदांनी पुढेमागे ठेवा, म्हणजे सगळ्या मोटरी एकदम भार ओढणार नाहीत. उन्हाळ्यात सकाळी दहाला बंद, पाचनंतर सुरू. पक्षी झाडांवर परतू लागले की आवाज बंद, हालचाल चालू राहू द्या.

नेच्यांसाठी धुक्यासारखं पाणी फवारणारा फॉगर असेल तर त्याचं तोंड प्राण्यापासून फिरवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग कातडीवर बसतात आणि कातडीखालच्या फोममध्ये शिरलेलं पाणी सांगाडा गंजवतं. पोटाच्या सर्वांत खालच्या जागी बोटभर भोक ठेवा, पावसाळ्यात दर आठवड्याला तार घालून मोकळं करा.

कातडी फाटते ती जबडा, मानेचा खालचा भाग आणि शेपटीचं मूळ इथे. दुरुस्तीत नेमकी चूक सिलिकॉनची होते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लोखंड आणि तांबं खातं, न्यूट्रल क्युअरचंच मागा. आधी नायलॉन दोऱ्याने फट शिवा, ताणणाऱ्या कापडाचा तुकडा लावा, मग सिलिकॉन चोपडा. रंग द्यायला साधा पेंट चालत नाही, पापुद्र्यांनी निघतो. पिगमेंट मिसळलेलं सिलिकॉन टर्पेंटाईनने पातळ करून ब्रशने लावा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने धरतं, म्हणून मेच्या कोरड्या हवेत दोन दिवसांनीही आतून ओलं राहतं. जवळ ओलं गोणपाट टांगा किंवा जुना कूलर लावा, फवारा अंगावर येऊ देऊ नका.

खारी आणि उंदीर फोम काढून घरटी करतात. दर महिन्याला कातडीची चेन (झिप) उघडून हात घालण्याआधी टॉर्च मारा: आत मधमाश्याही असू शकतात.