घाईत घेतलेल्या कॉमिक्सचं आता करायचं काय?

जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा घरी आला, पैसे गेले आणि दोन दिवसांत मनाला चुटपुट लागली, तर पहिलं काम म्हणजे त्या अंकांना हात लावून काहीही ‘सुधारू’ नका. फाटलेल्या कडेला सेलोटेप नको, गंजलेल्या पिना काढून नव्या नकोत, पहिल्या पानावर स्वतःचं नाव नको, लॅमिनेशन आणि बाइंडिंग तर मुळीच नको. अंक आला तसाच असेल तरच तो परत करता येतो, विकता येतो किंवा नीट ठेवता येतो. एक टेप मारली की पहिला मार्ग बंद होतो आणि दुसऱ्याची किंमत पडते.

खान्देशात ही घाई का होते तेही सांगायला हवं. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव या भागात जुना माल रोज दिसत नाही. एखादं फिरतं वाचनालय बंद पडतं, एखादं जुनं घर रिकामं होतं, आणि अचानक रद्दीवाल्याकडे वेताळ, मँड्रेक, बहादूरचे अंक येतात. नाहीतर मुंबई, पुणे, हैदराबादला जावं लागतं. एवढा प्रवास करून गेलेला माणूस रिकाम्या हातानं परतायला तयार नसतो. ‘आत्ता सोडलं तर पुन्हा दिसणार नाही’ ही भीती काही वेळा खरी असते, पण बऱ्याचदा ज्या अंकांची गरजच नाही त्यांच्यावर ती खर्ची पडते.

नेमकं काय खुपतंय ते आधी ओळखा

अंक चुकीचा निघाला, अंक बरोबर पण भाव चुकला, की मुळात हा अंक आपल्या संग्रहातलाच नव्हता? या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी तपासणी करा. तपासणी पार्सल उघडतानाच सुरू व्हायला हवी. मोबाइल स्टँडवर लावून, पाकिटावरचा पत्ता आणि सील दिसेल असा, मध्ये न थांबवता व्हिडिओ काढा. विक्रेत्याशी बोलताना याच्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नसतो.

मग हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, स्वच्छ टेबलावर एकेक अंक घ्या. पानं मोजा. मधलं जोडपान, म्हणजे अंकाच्या बरोबर मध्ये पिनांवर बसलेला दुहेरी कागद, सगळ्यात आधी गळतं, कारण पिना गंजून कागद त्यांच्याभोवतीच कमजोर होतो. कोडं, कूपन किंवा रंगवायचं चित्र असलेली पानं कुणीतरी कात्रीनं कापलेली असू शकतात, ती चाळताना दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक पान उजेडात धरून बघा. तिन्ही कडा फारच सरळ आणि एकसारख्या असतील, कडेचे शब्द किंवा चित्र अर्धवट तुटलेलं असेल, तर तो अंक कधीतरी बाइंडिंगमध्ये होता आणि मशीनवर छाटला गेला आहे. वाचनालयातून आलेल्या अंकांमध्ये हे फार आढळतं.

मुखपृष्ठ खरं आहे का, हा सगळ्यात महाग प्रश्न. हल्ली हरवलेल्या मुखपृष्ठाच्या जागी रंगीत प्रिंट लावलेले अंक विकले जातात. ते पकडायला सराफांचं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जळगावच्या सराफ बाजाराला भिंगाचा तोटा नाही. जुन्या ऑफसेट छपाईत रंग ठरावीक रचनेतल्या ठिपक्यांचा दिसतो. इंकजेट प्रिंटवर तो फवारल्यासारखा, विस्कटलेला दिसतो. दुसरी खूण पिनांची. खऱ्या अंकात पिनेच्या गंजाचा तपकिरी डाग मुखपृष्ठावर आणि आतल्या पानांवर एकाच जागी उतरतो. आतल्या पानांवर डाग आहे आणि मुखपृष्ठ स्वच्छ, किंवा जुनी भोकं रिकामी आणि पिना चकचकीत, असं असेल तर मुखपृष्ठ दुसरीकडून आणून जोडलं आहे असं समजा. जोडलेला अंक वाचायला चांगलाच असतो, फक्त तो मूळ अंकाच्या भावात घ्यायचा नसतो.

क्रमांकाचा घोळ

वेताळ, मँड्रेक, बहादूरच्या कथा छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सच्या नव्या संग्राहकांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. इंग्रजी आवृत्तीत १ ते ४४३ असा सलग क्रमांक चालला आणि त्यानंतर ‘खंड २०, अंक १’ अशी नवी पद्धत आली. त्यामुळे मुखपृष्ठावर ‘अंक ७’ दिसला म्हणजे तो १९६४ सालचा असं नाही. तो ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या खंडातला सातवा असू शकतो. खंडाचा आकडा बारीक अक्षरात असतो आणि विक्रेत्याच्या फोटोत तो हमखास बोटाखाली किंवा सावलीत जातो. शिवाय १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. सलग संच करणाऱ्यांनी त्या दोन जागा शोधत बसू नये. मराठी अंकाचा क्रमांक इंग्रजीशी जुळेलच असं गृहीत धरू नका. कथेचं नाव, महिना आणि साल हे तिन्ही जुळवा.

अमर चित्र कथेचं उलट आहे. १९६७ पासूनच्या या मालिकेतली लोकप्रिय पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली, म्हणून नुसत्या क्रमांकावरून पहिली छपाई ठरत नाही. छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि मलपृष्ठावरची पुस्तकांची यादी पाहा. त्या यादीत पुढच्या काळातली नावं असतील तर हातातली प्रत नंतरच्या छपाईची आहे, विक्रेता काहीही म्हणो.

राज कॉमिक्सच्या नागराज, ध्रुव, डोगाच्या बऱ्याच कथा आता नव्यानं छापून मिळतात. फक्त कथा वाचायची असेल तर जुन्या प्रतीसाठी पाचपट पैसे मोजण्यात अर्थ नाही. जुनी छपाईच हवी असेल तर कागद, छापील किंमत आणि आतल्या जाहिराती बघून ती जुनीच आहे याची खात्री करा.

हिशोब मांडा, तोही सगळा

समजा चाळीस अंकांचा लॉट ६,००० रुपयांना घेतला आणि कुरियरचे ४०० गेले. डोक्यात हिशोब असतो की अंक १६० रुपयांना पडला, म्हणजे स्वस्तच. पण त्यातले तुम्हाला हवे असलेले अंक सातच असतील तर तुमचे सात अंक ६,४०० रुपयांचे झाले, म्हणजे प्रत्येकी ९१४. उरलेल्या तेहतीसपैकी वीस जरी १२० रुपयांनी गेले तरी २,४०० परत येतात आणि सात अंकांची किंमत प्रत्येकी ५७१ वर उतरते. आता हे सात सुटे किती रुपयांना मिळाले असते ते बघा. ४०० ला मिळत असतील तर लॉट महाग पडला. ७०० ला मिळत असतील तर खरेदी चांगलीच होती, फक्त उरलेले अंक विकायचं काम बाकी आहे. अनेकांची चुटपुट इथेच निघून जाते.

भाव बघताना विक्रेत्यांनी मागितलेला आकडा धरू नका, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या प्रतींचा धरा. दहा हजार मागणारी जाहिरात वर्षभर तशीच पडून असते. तिच्यावरून स्वतःच्या प्रतीची किंमत ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या हावेवर आपला हिशोब बांधणं.

परत करायचं असेल तर

त्याच दिवशी कळवा. आठवड्यानंतरच्या तक्रारीवर कुणाचाच विश्वास बसत नाही. मजकूर छोटा आणि रागाशिवाय लिहा: ‘दादा, पार्सल आज मिळालं. वर्णनात पूर्ण अंक असं लिहिलं होतं, या अंकात मधलं जोडपान नाही. फोटो आणि उघडतानाचा व्हिडिओ पाठवतोय. अंक परत पाठवू, की थोडे पैसे वळते कराल?’ दुसरा पर्याय दिल्यामुळे बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात, कारण परतीच्या कुरियरचा खर्च दोघांनाही नको असतो.

अंकात काही खोट नाही, फक्त तुमचं मन बदललंय, तर तसं सरळ सांगा. व्यक्तीकडून व्यक्तीनं घेतलेला अंक मन बदललं म्हणून परत घेण्याची सक्ती विक्रेत्यावर नसते. दहा-पंधरा टक्के कमी करून घेता का, एवढं विचारता येतं. खोटा दोष दाखवून परत करू नका. संग्राहकांचं वर्तुळ लहान आहे आणि नाव लगेच पसरतं. मोठ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला माल वर्णनाप्रमाणे नसेल आणि दुकान दाद देत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

विकताना

प्रत्येक अंकाचे सहा फोटो काढा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, पहिलं पान, मधलं जोडपान आणि अंकातला सगळ्यात वाईट दोष. दोष स्वतःहून दाखवणाऱ्याचा माल पटकन जातो. दुर्मीळ अंकाबरोबर सहा साधे अंक बांधून विकायचा मोह होतो, पण घेणाऱ्याच्या गळ्यात तेच ओझं पडतं जे तुमच्या गळ्यात पडलं होतं. सुटे विका, किंवा एकाच नायकाचे सलग अंक एकत्र द्या.

पोस्टाच्या आधी जवळपास बघा. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव एकाच लोहमार्गावर आहेत, धुळे आणि अमळनेरही लांब नाहीत. दुबार अंकांची अदलाबदल स्टेशनवर भेटून होते, कुरियर वाचतं आणि समोरासमोर पानं मोजता येतात. पाठवायचंच असेल तर अंक पिशवीत, दोन्ही बाजूंना अंकापेक्षा इंचभर मोठे कडक पुठ्ठे, त्यावर प्लास्टिक आणि बाहेर नालीदार पुठ्ठ्याचं खोकं. पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी लावताना तिचं टोक दुमडून ठेवा. नाहीतर उघडताना ती मुखपृष्ठाला चिकटते आणि रंगासकट निघते. मे महिन्यात पट्टीचा गोंद पातळ होऊन सरकतो, तेव्हा हे हमखास घडतं.

ठेवायचंच ठरलं तर

रद्दीतून आलेला अंक थेट संग्रहात मिसळू नका. त्यात कसर असू शकते. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोक्यात ठेवा. किडीची शंका असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर कागदावर दव बसतं. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे हा प्रयोग करू नका. ओलसर वासाचा अंक सावलीत, पंख्याच्या हवेत सुकवा. उन्हात ठेवलात तर वास जाईल आणि रंगही जाईल.

इथल्या घरांतला मोठा शत्रू मात्र कूलर आहे. बाहेर ४५ अंश असताना कूलरच्या खोलीत हवा दमट होते, पानं लहरतात आणि पिना गंजतात. कॉमिक्स त्या खोलीत नकोत. पत्र्याखाली, स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीलाही नकोत. घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी आतली खोली निवडा. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, पीव्हीसीच्या नकोत. मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, कारण बाजारातला साधा करडा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. अंक उभे ठेवा, खोकं इतकंच भरा की एक अंक बोटानं सहज निघेल. डांबराच्या गोळ्या खोक्यात टाकू नका.

पुढच्या खरेदीआधी

मोबाइलमध्ये यादी ठेवा: हवा असलेला अंक, कमीत कमी कोणती अवस्था चालेल, आणि कुरियर धरून जास्तीत जास्त किती रुपये. हा तिसरा आकडा घरी बसून लिहायचा असतो, विक्रेत्यासमोर नाही. बोली लावताना तो एकदाच टाका आणि अ‍ॅप बंद करा. रद्दीवाल्याकडे मात्र गठ्ठा उलगडण्याआधी पूर्ण गठ्ठ्याचा भाव विचारा. तुम्ही दोन अंक बाजूला काढून हसलात की किलोचा भाव नगावर येतो. प्री-ऑर्डरला स्टिकर आणि पोस्टर मिळतं म्हणून नोंदणी करू नका. स्टिकर वगळून ते पुस्तक हवंय का, हे आधी स्वतःला विचारा. आणि घाईत घेतलेल्या अर्धवट मालिकेला ‘आता पूर्णच करू’ म्हणून हात घालू नका. मूळ चूक पाचशेची असते, ती पूर्ण करताना पाच हजारांची होते.

ज्या अंकांना कुणी गिऱ्हाईक नाही, तेही रद्दीत घालू नका. पानं पूर्ण असतील तर गावातल्या वाचनालयाला किंवा शाळेला द्या. पानं अपुरी असतील तर कोणती शिल्लक आहेत त्याची यादी करून संग्राहकांना कळवा: अमुक कथा, मुखपृष्ठ नाही, मधलं जोडपान चांगलं. कुणाकडे तरी नेमकं तेवढंच पान नसलेली प्रत पडलेली असते, आणि त्याच्यासाठी तुमचा फाटका अंक मोलाचा असतो.