वाडी-तांड्यासाठी एसटीची फेरी कशी आखावी

गावात एसटी आणायची म्हटलं की पहिला कागद निघतो तो असा : ‘आमच्या गावास बस सुरू करावी, ही विनंती.’ खाली सरपंचांची सही, शिक्का. मी मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात एसटीचा वाहतूक नियंत्रक होतो. असे अर्ज टेबलावर सतत यायचे आणि बहुतेक फायलीत पडून राहायचे. गाव गाडी मागतं, आगाराला मात्र ड्युटी, म्हणजे चालक-वाहकाच्या एका पाळीतल्या फेऱ्या, बसवायची असते. चालक-वाहकाचे कामाचे तास कायद्याने दिवसाला ८, आणि त्यात रिकामी धाव जितकी कमी तितकी बरी. तुमच्या अर्जात ही ड्युटीच बसवून दिलेली असेल, तर आगार व्यवस्थापकांना नाही म्हणणं जड जातं.

सुरुवात गावातून निघायच्या वेळेपासून करू नका, पोचायच्या वेळेपासून करा. तालुक्याच्या शाळा-कॉलेजची घंटा कितीला होते? अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखवायचं तर केसपेपरच्या रांगेत कितीला उभं राहावं लागतं? त्या वेळा लिहा आणि तिथून मागे मोजत या. समजा गाव तालुक्यापासून २४ किलोमीटर आहे, रस्ता अरुंद, मधे पाच-सहा थांबे. तासभर धरा. लेकरांना १० ला वर्गात बसायचं तर गाडी ८:३० ला गावातून हललीच पाहिजे. संध्याकाळी ५ ला शाळा सुटते आणि शाळेपासून स्टँड २० मिनिटं चालत, म्हणून परतीची गाडी ५:३० ची. ५ ची मागितलीत तर ती मुली स्टँडवर पोचायच्या आधीच निघून जाईल आणि मग अंधारात फाट्यावर उभं राहणं आलं. कित्येक घरांत मुलीची शाळा कायमची सुटते ती या अर्ध्या तासापायी. जाणाऱ्या फेरीपेक्षा परतीच्या फेरीसाठी जास्त भांडा.

आता हीच ड्युटी मुक्कामी गाडीवर बसवून बघा. आगारातून दुपारी २:३० ला निघायचं, शेजारच्या एखाद्या गावाची फेरी करून ५:३० ला तालुक्याहून तुमच्याकडे, ६:३० ला मुक्काम. सकाळी ६ ला दवाखान्याची, बाजाराची माणसं घेऊन तालुका. तिथून परत गावात, ८:३० ला शाळेची लेकरं, ९:३० ला स्टँडवर. १० ला ड्युटी संपते. चार आणि चार, आठ तास झाले, आणि सकाळी आगारातून रिकामी गाडी पाठवायची गरज उरली नाही. मात्र मुक्काम हवा तर गावाने चालक-वाहकांची सोय करायची. दार लागेल अशी खोली, पंखा, पाणी, संडास. समाजमंदिराच्या ओट्यावर डास मारत रात्र काढलेला माणूस सकाळी घाटात गाडी चालवणार आहे, हे विसरू नका. खोलीचं ग्रामसभेच्या ठरावातच लिहून द्या.

शनिवार वेगळा धरा. सकाळची शाळा असते, लेकरं ६ च्या गाडीने जातात आणि दुपारी १२ च्या आत मोकळी होतात. परतीची गाडी ५:३० ला! तेव्हा शनिवारपुरती १२ ची फेरी अर्जात स्वतंत्र मागा. शेजारच्या गावाची गाडी तुमच्यावरून वळवली तरी काम भागतं.

प्रवासी मोजायला वही घेऊन फाट्यावर उभं राहा. साधा दिवस, आठवडी बाजाराचा दिवस आणि शनिवार, तिन्ही मोजा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. डिसेंबरात मोजलंत तर गाव ओस दिसेल आणि तोच आकडा तुमच्या गळ्यात पडेल. पण मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहिलेली असतात, आणि गाडीची खरी गरज त्यांनाच असते. म्हणून कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून माणसं परतल्यावर एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा, असे दोन आकडे द्या.

रस्ता स्वतः बघा. गाडी वळवायला जागा कुठे आहे? पारापाशी वळते म्हणतात, पण तिथे विजेची तार लोंबत असते नाहीतर कुणाचा ट्रॅक्टर उभा. बाभळीच्या फांद्या आरसा फोडतात. त्या गावानेच छाटाव्यात. नळकांडी पुलावरून पाणी गेलं तर गाडी कुठून माघारी फिरेल, ते आधीच ठरवून लिहून द्या. नाहीतर पहिल्या पुरात बंद झालेली फेरी दिवाळीपर्यंत येत नाही.

तांडा, शेतातली वस्ती आडबाजूला असेल तर प्रत्येक ठिकाणी बस जाणार नाही. तिथे गावातल्या काळीपिवळीवाल्याला, रिक्षावाल्याला बोलावून बसवा. तो भरल्याशिवाय हलत नाही, कारण त्याचंही पोट त्यावर आहे. त्याला बसच्या वेळेशी बांधून घ्या : सकाळी ८:१५ ला वस्तीवरून, संध्याकाळी ६:३० ला गाडी आल्यावर परत. भाडं सगळ्यांसमोर ठरवा.

अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. एप्रिलमध्येच द्या, जूनमध्ये शाळा उघडल्यावर गाड्या आधीच वाटून झालेल्या असतात. तालुका मानव विकास कार्यक्रमात आहे का, तेही विचारा. असेल तर मुलींसाठीच्या बसची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येते.

फेरी सुरू झाली की तिकिटांकडे लक्ष ठेवा. पासवाली लेकरं त्या फेरीच्या रोजच्या तिकिटांत दिसत नाहीत, म्हणून पासधारकांची यादी दर महिन्याला आगारात द्या. महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. पण शून्य रुपयाचं का होईना, तिकीट प्रत्येकाने मागून घ्यायचंच. सवलतीचा फरक शासन महामंडळाला देतं, आणि तो तिकिटांच्या नोंदीवरून. आजीला वाहकाने ओळखीने तसंच बसवलं तर कागदावर ती गाडीत नसतेच, आणि कमी भारमानाच्या, म्हणजे कमी प्रवासी मिळणाऱ्या फेऱ्यांच्या यादीत तुमची फेरी वर येते. हे गावात चावडीवर सांगा, बायांच्या बचतगटात सांगा, आणि आधार कार्ड पिशवीत ठेवायला सांगा.