पहिल्यांदा किल्ट नेसताय? दळणाचा डबा सोबत घ्या

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख, घालतात की नेसतात, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला. मी म्हणत होतो घालतात, कारण त्याला पट्टे आहेत, बकल्स आहेत. बायको म्हणाली, "कमरेभोवती गुंडाळायचं आणि वर निऱ्या असायच्या, मग ते नेसणंच की." तिचं बरोबर होतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पूर्वी अख्खं लांबलचक कापड चुण्या घालून कमरपट्ट्यानं आवळत आणि उरलेलं खांद्यावर घेत. चुण्या शिवून टाकलेला आखूड किल्ट नंतरचा. त्यालाही चांगला भरदार हवा असेल तर आठ यार्ड कापड लागतं. यार्ड म्हणजे आपला वार. नऊवारीला एक वार कमी! हे एकदा डोक्यात बसलं की आपण स्कर्ट घालून निघालोय ही भीती निम्मी जाते.

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहतो, वय ५९. वागळे इस्टेटमध्ये ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. मुलगी ग्लासगोला शिकत होती, तिच्या पदवीदानाला गेलो आणि तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गडद हिरव्या-निळ्या चौकटींचा एक किल्ट मिळाला. चौकटींवरून कुणी अडवेल का, अशी शंका मलाही होती. घराण्याघराण्यांचे टार्टन, म्हणजे चौकटींचे ठरावीक नमुने, असतात, २००९ पासून त्यांची सरकारी नोंदवहीही आहे; पण दुसऱ्या घराण्याचं टार्टन नेसू नये असा कायदा नाही. आमचं आडनाव त्या नोंदवहीत असण्याचं कारणच नाही, तेव्हा जे आवडलं ते घेतलं.

माप घेताना पँटचा नंबर विसरा. पँट आपण पोटाखाली अडकवतो, किल्ट बेंबीच्या रेषेत बसतो. माझी पँट ३६ ची, आणि बेंबीवर टेप धरली तर साडेचाळीस इंच. हा आकडा बायकोसमोर मोठ्यानं वाचू नका. लांबीसाठी गुडघ्यांवर उभं राहायचं: किल्टची कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली पाहिजे. उभे राहिलात की ती गुडघ्याच्या वाटीवर येते. त्याहून खाली आला तर परकर दिसतो, वर गेला तर टेनिसचा पोशाख.

आता नेसणं. चुण्या मागे, सपाट भाग पुढे. पुढच्या दोन सपाट भागांना मी पदर म्हणतो, आतला आणि वरचा. आतला पदर उजवीकडून डावीकडे न्यायचा. त्याचा पट्टा डाव्या कमरेवरच्या फटीतून बाहेर काढून तिथल्या बकलात अडकवायचा. मग वरचा पदर डावीकडून उजवीकडे, आणि उजव्या बाजूची बकल्स लावायची. वरच्या पदराची झालरीची कड उजव्या मांडीवर आली की समजा जमलं. उजव्या कोपऱ्यात खाली पिन लावतात, ती फक्त वरच्या पदराला. मी पहिल्या दिवशी दोन्ही पदर एकत्र टोचले, सोफ्यावर बसलो आणि टर्रकन आवाज आला. रफू करणाऱ्यानं विचारलं, "शाल आहे का?" मी हो म्हणालो.

किल्टला खिसे नसतात. म्हणून पुढे साखळीनं लटकवलेला बटवा, स्पोरन. पट्ट्याखाली चारेक बोटांवर तो हवा. त्यात किल्ल्या, मोबाइल, सुटे पैसे मावतात, आणि बसल्यावर त्याच्या वजनानं पुढचा पदर दोन मांड्यांच्या मध्ये दबून राहतो. त्याचं खरं काम हेच, असं माझं मत झालंय. मोजे गुडघ्याखाली दोन-तीन बोटं दुमडायचे. लोकरीचे मोजे आपल्याकडे सोसवत नाहीत, खेळाच्या दुकानातले फुटबॉलचे गडद मोजे चालतात. मोज्यात एक छोटी सुरी खोचायची तिकडे पद्धत आहे. ती घरीच ठेवा. मॉलच्या दारावर रखवालदाराला परंपरा समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. वर साधा, एकरंगी शर्ट. जाकीट, चंदेरी बटणं, टोपी असं सगळं एकदम चढवलंत तर लोकांना तुम्ही वरातीच्या बँडमधले वाटाल, आणि कुणीतरी सुपारी द्यायला येईल.

आत काय? हा प्रश्न शंभर टक्के येणार. काही नसतं ही गोष्ट तिकडच्या पलटणींच्या नावावर सांगतात, आणि ती तिकडेच राहू द्या. दुपारी उन्हात तापलेल्या रिक्षाच्या रेक्झिनवर बसायचंय हे लक्षात ठेवून सुती हाफ चड्डी घाला.

हवामानाचं थोडक्यात: आठ वारी लोकरी किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो. ठाण्यात तो डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीच बरा. बाकीच्या महिन्यांत कमी कापडाचा, हलका घ्या. पावसाळ्यात तर बाहेर काढूच नका. भिजलेली लोकर वाळत नाही, वास मात्र धरते. आणि वाऱ्याची भीती उलटी आहे. जड किल्ट सहसा उडत नाही, हलका उडतो.

बसायला मला बायकोनं शिकवलं. डायनिंग टेबलची खुर्ची ओढली आणि तासभर उठबस करून घेतली. खाली जाताना उजव्या हाताचा तळवा मागून फिरवायचा, म्हणजे चुण्या सपाट होतात आणि घडी मोडत नाही. गुडघे जवळ. "आम्ही हे सातवी-आठवीपासून करतोय," ती म्हणाली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला सहानुभूती म्हणता येणार नाही. रिक्षात पाय आधी घालू नका. रिक्षाकडे पाठ करा, हात फिरवून बसा, मग दोन्ही गुडघे एकदम आत वळवा. स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर मागे कुणी असेल तर स्पोरन सोडा आणि मागच्या चुण्या धरा.

हे सगळं घरात जमलं तरी उंबऱ्याबाहेर पाय पडत नाही. माझाही नाही पडला. पहिल्या वेळी मी मोठीच चूक केली: रविवारी संध्याकाळी सात वाजता तलावपाळीला गेलो. काम काही नव्हतं, नुसता फेरफटका. मासुंदा तलावाभोवती त्या वेळी अख्खं ठाणं असतं. मी हळूहळू चालत होतो, हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी मोबाइल वर करत होतं. एक आजीबाई जवळ आल्या आणि अगदी मायेनं विचारलं, "नवस बोललात का हो?" गडकरी रंगायतनपर्यंत पोचायच्या आत मी रिक्षा केली, आणि अर्थातच पाय आधी घातले.

घरी बसून विचार केला. लोक किल्टकडे बघत होतेच, पण त्याहून जास्त माझ्या अवघडलेपणाकडे बघत होते. रिकाम्या हातांनी हळू चालणारा, इकडेतिकडे बघणारा माणूस पँट घालूनही संशयास्पदच दिसतो. म्हणून पुढच्या खेपेला मी बायकोकडे काम मागितलं. तिनं गव्हाचा डबा हातात दिला.

हातात पाच किलोचा डबा असलेल्या माणसाला कुणी थांबवत नाही. चाल आपोआप नेटकी होते, हातांचा प्रश्न मिटतो. वेळही तशीच निवडा, शनिवारी सकाळी साडेआठ-नऊ. रस्त्यावर जो तो आपापल्या कामात असतो. रस्ता रोजचाच घ्या, दहा मिनिटांच्या आतला. ओळखीचे लोक भेटावेत, पण सगळे एकदम नकोत. सोबत मित्राला नेऊ नका, तो हसतो.

उत्तर मात्र एकच, छोटं, आधी ठरवून ठेवलेलं असावं. आमच्या वॉचमननं विचारलं, "साहब, आज कुछ है क्या?" मी म्हटलं, "आज शनिवार है." तो मान हलवून पुन्हा रजिस्टरकडे वळला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना म्हटलं, "स्कॉटलंडचं धोतर." त्यांनी कापडाला हात लावून पाहिला आणि ऊबदार आहे म्हणाल्या. लांबलचक इतिहास कुणालाही जिन्यात नको असतो.

इतिहास सांगायची फारच खुमखुमी असेल तर ठाणेकरांसाठी एक तारीख देतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ही आपल्या सगळ्यांना पाठ आहे. १६ एप्रिललाच, पण १७४६ साली, स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलँडर, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातले लोक, हरले. पाठोपाठ इंग्रज सरकारनं तिथल्या पुरुषांना किल्ट नेसायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं हद्दपारी. सरकारच्याच फौजेतल्या हायलँडर शिपायांना मात्र मोकळीक. बंदी उठली १७८२ ला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं. पण मीटिंगला पँट घालून या."

चक्कीवर माझ्या पुढे दोघे होते. चक्कीवाल्यानं डबा काट्यावर ठेवला, वजन पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काका, चपातीचं ना? बारीकच?" मी हो म्हटलं. तो पट्ट्याच्या आवाजात पुन्हा कामाला लागला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि हे मात्र तुम्ही करू नका. चक्कीच्या भिंतीवर पिठाचा थर असतो, गडद लोकरीवर तो थेट उठून दिसतो. घरी पोचलो तर मागच्या सगळ्या चुण्या पांढऱ्या. पाणी लावू नका, पिठाची खळ होते. किल्ट उलटा टांगा आणि कोरड्या, मऊ ब्रशनं चुणीच्या लांबीच्या दिशेनं एकेक चुणी झाडा. माझ्या किल्टला २७ आहेत.