गाडी कधीतरीच तापते? पार्ट बदलायच्या आधी ती नेमकी कधी तापते ते पकडा

परफॉर्मन्स गाडीचं इंजिन रोजच तापत असेल तर शोधणं सोपं असतं, खरा वैताग आहे तो कधीतरीच तापणाऱ्या गाडीचा. गॅरेजला नेली की सुई गपचूप मध्यावर, मेकॅनिक म्हणतो काही झालेलं नाही, आणि मग सुरू होतो अंदाजपंचे खेळ, आधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), मग वॉटर पंप, मग रेडिएटर, खिसा रिकामा होतो आणि गाडी पुन्हा तापतेच. माझं ठाम मत आहे की गाडी कुठल्या परिस्थितीत तापते हे पकडेपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. बिघाड कुठं आहे हे निम्मंअधिक त्यातच कळतं.

पहिली गोष्ट, डॅशबोर्डवरच्या सुईवर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत ती मुद्दामच अशी बसवलेली असते की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साधारण ७५ पासून १०५ डिग्रीपर्यंत कुठंही असलं तरी ती मध्येच उभी राहते, आणि ती हलायला लागली की समजा बराच उशीर झालाय. म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावा, मोबाईलवर लाईव्ह डेटा घ्या आणि कूलंट टेंपरेचर, आरपीएम, स्पीड, इंजिन लोड, बाहेरून आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बॅटरी व्होल्टेज हे सगळं एकत्र लॉग करा, टर्बो असेल तर बूस्टपण, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघत बसायचं नाही, फाईल सेव्ह होते ती नंतर निवांत बघता येते.

आकडे कसे वाचायचे? थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९२ च्या दरम्यान उघडतो, फॅन ९५ ते १०५ च्या आसपास चालू होतो, आणि काही नवीन इंजिनांत तर हळू चालवताना मुद्दाम १०५ च्या आसपास ठेवलेलं असतं, तेव्हा नुसता मोठा आकडा बघून घाबरू नका, गाडी ठीक असताना तिचा रोजचा आकडा काय असतो तो आधी माहीत करून घ्या. ११५ च्या वर जाऊन चढतच असेल तर मात्र थांबायचं.

लॉगमध्ये सगळ्यात आधी बघा की आकडा चढतोय कसा. पाणी तापायला वेळ लागतो, ते एका सेकंदात ९० वरून ११५ वर जाऊच शकत नाही. आलेख असा उडी मारत असेल तर इंजिन नाही तापलेलं, सेन्सर किंवा वायरिंगचा घोळ आहे, कनेक्टर हलवून बघा, आत हिरवट गंज आहे का बघा. एक धोक्याची गोष्टपण लक्षात ठेवा, कूलंट गळून लेव्हल खाली गेली की सेन्सर पाण्याऐवजी हवेत लोंबकळतो आणि मग इंजिन भाजत असताना आकडा कमी दाखवू शकतो. तापमान अचानक खाली आलं आणि हीटरमधून गार हवा यायला लागली तर आनंद मानू नका, लगेच बाजूला घ्या.

आता खरा प्रश्न, ट्रॅफिकमध्ये तापते की वेगात तापते.

ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळा रस्ता मिळाला की खाली येते, असं असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे पहिला संशय फॅनवर. आणि इथंच लोक फसतात, कारण गॅरेजमध्ये एसी लावला की फॅन फिरतो आणि सगळे म्हणतात फॅन ओके. थंड असताना फिरणारा फॅन अर्धा तास तापल्यावर बंद पडू शकतो, ब्रश झिजलेली मोटर, रिलेचे जळके पॉईंट, स्पीड बदलणारं मॉड्यूल, सगळं गरम झाल्यावरच दगा देतं. म्हणून गाडी पूर्ण गरम करा, एसी चालू ठेवून तशीच उभी राहू द्या आणि फॅन थांबला की बंद करायच्या आधीच मल्टीमीटरने फॅनच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा, हात आणि वायरी पात्यांपासून लांब ठेवून, कारण तो कधीही परत सुरू होऊ शकतो. १२-१३ व्होल्ट येतायत आणि फॅन गप आहे तर मोटर गेली. व्होल्टेजच नाही किंवा ८-९ च येतंय तर मागे रिले, फ्यूज, अर्थिंगकडे जा, पण मॉड्यूलवाल्या फॅनला काही गाड्यांत मुद्दामच कमी-जास्त सप्लाय मिळतो तेव्हा त्या गाडीची वायरिंग बघूनच निष्कर्ष काढा. आणि मग सगळं बंद करून कनेक्टर उपटून आतल्या पिना उजेडात नीट बघा, एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन थोडं वितळलेलं दिसलं तर तिथंच चोर सापडला, ढिल्या पिनेतून करंट जाताना ती तापते, तापली की अजून ढिली होते, आणि गार झाली की परत जोडली जाते. म्हणूनच तो "कधीतरीच".

फॅन फिरतोय पण तापतेच, तर बंपरकडच्या बाजूने कागद धरून बघा, तो रेडिएटरच्या जाळीकडे ओढला गेला पाहिजे. दुरुस्तीत वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर फॅन हवा उलटी ढकलतो, असंही होतं. अजून एक टेस्ट, उभ्या गाडीत रेस वाढवून दोन-अडीच हजारावर धरा, त्यानं तापमान खाली यायला लागलं तर फॅनपेक्षा पंपाचा फ्लो, घसरणारा बेल्ट किंवा कमी कूलंट याच्यावर संशय घ्या.

वेगात किंवा सलग जोर लावल्यावर तापते, तर गोष्ट वेगळी. हायवेच्या स्पीडला फॅनचा फारसा संबंध उरत नाही, तेव्हा प्रश्न असतो पाणी किती फिरतंय आणि रेडिएटरमधून हवा खरंच आरपार जातेय का. परफॉर्मन्स गाडीत पुढं इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी), मग एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटर अशी थप्पी असते, पुढून सगळं चकाचक दिसतं आणि मधल्या फटीत धूळ आणि किड्यांचा गालिचा झालेला असतो, तो सुटा केल्याशिवाय दिसत नाही. मोठा इंटरकूलर बसवलाय का, गाडीच्या पोटाखालचं झाकण, म्हणजे अंडरट्रे, काढून टाकलाय का, रेडिएटरच्या कडेची फोमची पट्टी गेलीय का, हे बघा, कारण हवेला बाजूने पळायला जागा मिळाली की ती जाळीतून जात नाही. अंडरट्रे फक्त चिखल अडवायला असतो असं समजून फेकून देणारी मंडळी खूप आहेत, तसं नाहीये, त्याच्यामुळे रेडिएटरच्या मागे हवेचा दाब कमी राहतो आणि पुढची हवा आत ओढली जाते.

रेडिएटरच्या आतून चोंदलेल्या नळ्या शोधायला इन्फ्रारेड थर्मामीटर मस्त. गरम इंजिनवर जाळीभर फिरवा, इनलेटकडून आउटलेटकडे तापमान हळूहळू उतरत जाणं बरोबर, पण मध्येच गार पट्टा लागला तर तिथून पाणी जात नाहीये. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो, तिथं काळी टेप चिकटवून टेपवर मोजा. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी पाईपपण बघा, तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, आतली स्प्रिंग गेली असेल किंवा रबर मऊ पडलं असेल तर चार-पाच हजार आरपीएमला तो चक्क चपटा होतो आणि रेस सोडली की परत गोल. रेस न देता हे दिसत नाही, म्हणून बोनेट उघडं ठेवून एकाने रेस धरायची आणि दुसऱ्याने लांबून बघायचं.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात: मधूनच अडकणारा थर्मोस्टॅट भांड्यातल्या गरम पाण्यात टेस्टला पास होऊ शकतो, त्यामुळे संशय त्याच्यावरच आला तर नवीन टाका आणि मोकळे व्हा. मात्र लवकर उघडणारा थर्मोस्टॅट टाकून तापणं थांबत नाही, रेडिएटरच कमी पडत असेल तर फक्त तापायला थोडा जास्त वेळ लागतो.

रेडिएटर कॅपला लोक विसरतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, पण एक बारच्या आसपास दाब धरला की १२५ च्या वर जातं. कॅपची सील गेली की हा सगळा फायदा गेला, हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, वाफेचे बुडबुडे होतात आणि जोर लावल्यावर तापमान पळतं. कॅप टेस्टरवर तपासा. गरम असताना उघडायची नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच आहे.

आता टर्बोवाल्यांनी नीट वाचा. बूस्टमध्ये सिलिंडरचा दाब इतका वाढतो की हेड किंचित उचललं जाऊन त्याच्याखालच्या सीलमधून, म्हणजे गॅस्केटमधून, गॅस कूलंटमध्ये शिरतो, आणि आयडलला सगळं परत बंद. ऑइल दुधाळ होण्याची आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येण्याची वाट बघत बसू नका, या टप्प्यात दोन्ही बहुतेक दिसतच नाहीत. दिसतं ते असं: जोरात पळवून आलं की ओव्हरफ्लो बाटलीत लेव्हल वर आलेली, वरचा होज दगडासारखा कडक, आणि रात्रभर गार झाल्यावर सकाळी कॅप उघडली तरी फुस्स आवाज. गार इंजिनात दाब उरायचं खरं तर काही कारण नाही, तेव्हा हा आवाज आला की ब्लॉक टेस्टर मागवा, कूलंटमध्ये जळका गॅस शिरलाय का ते तो रंगावरून दाखवतो. त्यातलं निळं द्रव पेट्रोल इंजिनच्या एक्झॉस्ट गॅसने पिवळं होतं. टेस्ट करायची ती बूस्ट देऊन आल्यावर लवकरात लवकर, पण प्रेशर उतरून कॅप सुरक्षित उघडता येईपर्यंत थांबूनच. कूलंटची लेव्हल थोडी खाली घ्या, नाहीतर तेच टेस्टरमध्ये ओढलं जाऊन द्रव खराब होतं. एकदा निळं राहिलं म्हणून गॅस्केट ठीक आहे असं धरू नका, दोन-तीन वेळा करा. रंग बदलला तर मग प्रेशर टेस्ट रात्रभर लावून, प्लग काढून आत कॅमेरा घाला, ज्या पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो तिथून पाणी आत जातंय.

रिमॅप केल्यानंतर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलल्यानंतर, तापायला लागली असेल तर तेही सांगून ठेवा, मेकॅनिकपासून लपवू नका. इग्निशन टायमिंग मागे ओढलेलं असेल तर जास्त उष्णता एक्झॉस्टकडे आणि पर्यायाने हेडच्या पाण्यात जाते, आणि फॅन चालू होण्याचे आकडेही मॅपमध्ये बदललेले असू शकतात.

काहीही दुरुस्त केलं तरी कूलंट भरताना हवा पूर्ण काढा, हीटर फुल गरमवर ठेवून, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबेपर्यंत, जमलं तर व्हॅक्युम फिलर वापरून. मग ज्या परिस्थितीत तापत होती तीच परत तयार करा, तोच चढ, तोच ट्रॅफिक, तेवढाच बूस्ट, आणि नवा लॉग जुन्या लॉगशेजारी उघडून बघा. दोन्हीकडे बाहेरची हवा सारखीच गरम असू दे, नाहीतर गार दिवशीचा लॉग बघून गाडी बरी झाली असं वाटेल.