मोहाखाली काडी लावू नका : इंदूरजवळच्या महू, सिमरोल, चोरल, मानपूर घाटपट्ट्यासाठी फाल्गुन-चैत्राचा सल्ला

पळस फुललाय आणि मोहाची पानं गळू लागली आहेत. होळीपर्यंतचे दिवसच आता हातात आहेत, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे ऐका: मोहाखालचा पाला पेटवू नका, झाडून काढा.

लोक का पेटवतात ते कळतं. फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात हरवतात. जमीन मोकळी असली की वेचायला सोपं जातं. काडी ओढली की तासाभरात काम होतं. पण घाटकडेच्या गावांत दर उन्हाळ्यात एकच गोष्ट घडताना दिसते. सकाळची आग विझली असं समजून माणसं घरी येतात, दुपारी वारा सुटतो, पाल्यात दबलेला निखारा कुसळीच्या गवतात जातो आणि दिवस मावळेपर्यंत कुणाचा कापणीला आलेला गहू, तर कुणाची भुशाची गंजी गेलेली असते. आग लावणारा एक आणि बुडणारा दुसराच.

झाडाचं नुकसान उशिरा कळतं. उतारावरच्या एखाद्या जुन्या मोहाचं बूड चढाकडच्या अंगाने बघा. पाला घरंगळत येऊन तिथेच साठतो, आग तिथेच जास्त वेळ धुमसते, साल करपते आणि काही वर्षांत ढोली पडते. आत हात घातला तर बोटांना कोळसा लागतो. वर फांद्या हिरव्यागार असतात, म्हणून कुणाला चिंता वाटत नाही. मग वळवाच्या वादळात झाड बुडातून मोडतं. आणि आपल्या बांधावर कमरेएवढा मोह शेवटचा कधी पाहिलात? आहेत ते सगळे आजोबांच्या वेळचे. बी पावसात उगवतं, रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळतं.

झाडाचा घेर जेवढा, तेवढी जागा खराट्याने झाडा. चढाकडचा पाला आधी ओढा. ढीग रानात सोडू नका, शेणखताच्या खड्ड्यात टाका. खाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर फुलाला माती लागत नाही आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त मिळत नाही. बांधावरचा मोह पिढ्यानपिढ्या ज्या भिल्ल किंवा भिलाला कुटुंबाकडे वेचायला आहे, त्यांच्याशी आत्ताच बोला आणि झाडणीची मजुरी आपण द्या. इंदुरात राहून शेत बटाईने देणाऱ्यांनी हे फोनवर उरकू नये, एकदा जाऊन यावं.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत कापून मोकळी केलेली पट्टी, होळीच्या आधी काढा. दहा फूट रुंद, गवत छातीला लागत असेल तर पंधरा. आग उतारापेक्षा चढावर कितीतरी वेगाने धावते, म्हणून ज्यांचं शेत घाटाच्या अगदी कडेला आहे त्यांनी रेषा दरीच्या बाजूला काढावी. बरेच जण सोयीची म्हणून रस्त्याच्या बाजूला काढतात, ती काही वाचवत नाही. कापलेलं गवत रेषेत पडू देऊ नका. दुकानदार म्हणेल, तणनाशक मारा, मजुरी वाचेल. ग्लायफोसेट हिरव्या पानातूनच आत जातं. वाळलेल्या कुसळीवर ते मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. मेलेलं गवतही उभंच राहतं आणि तितकंच पेटतं. विळा घ्या. मोहाला फुलोरा वाढवणारं म्हणून जे टॉनिक गळ्यात मारतात, तेही घेऊ नका.

रंगपंचमीला निम्मं गाव गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला इंदुरात असतं. त्या दिवशी रानाकडे दोन माणसं हवीतच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचना मोबाइलवर येतात, नाव नोंदवून ठेवा. पण उपग्रहाला दिसेपर्यंत आगीने बरंच गाठलेलं असतं.

ज्यांची झाडं मागच्या साली भाजली, त्यांनी सैल साल खरवडून बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. लोखंडी भांडं वापरू नका. आमच्याकडे पेस्ट वाळल्यावर वरून शेणमाती लिंपतात. हे कुठल्या शिफारशीत नाही, पण तशा झाडांची जखम लवकर भरते असा माझा अंदाज आहे.

गव्हाची नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं) जाळणं हाही त्याच आगीचा दुसरा दरवाजा. दोन एकरांपर्यंत 2,500, पाचपर्यंत 5,000 आणि त्यावर 15,000 रुपये दंड आहे, तरी हार्वेस्टर गेला की धूर दिसतोच. भुसा करून घ्या. 100 किलो भुशाला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, दाबून 21 दिवस झाकून ठेवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. घरी चारा असला की जनावरं जंगलातल्या कोवळ्या फुटव्यांवर सुटत नाहीत.

बाकीची कामं:
– मोहफुलं: वेचल्या दिवशीच पसरा, 4-5 दिवस कडक ऊन, ओलं पोत्यात भरू नका.
– तेंदू (विडीचं पान): कोवळ्या पानांसाठी आग नको, झुडपं आत्ता जमिनीलगत छाटा. पुडा 50 पानांचा, प्रमाणित गोणी 1,000 पुड्यांची.
– चारोळी: कच्ची ओरबाडू नका, फांदी तोडू नका.
– साग: खुंटाला एक-दोन जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे सरपणाला.
– सरपण: वाळलेलंच, पावसाळ्यापुरतं मे संपायच्या आत.

मोहाचं बी जूनच्या आसपास मिळेल. ते साठवून टिकत नाही, काही आठवड्यांत उगवणक्षमता जाते, म्हणून ताजंच पिशवीत किंवा थेट बांधावर लावा. रोपाभोवती तीन फूट जागा दर माघात खुरपून स्वच्छ ठेवा, झाड डोक्यावर जाईपर्यंत.